गर गोरिलाचा, बी सौदागराची

फळ शोधायचे तर मान वर करायची, ही आपली सवय. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या रानात आफ्रामोममचे फळ शोधणाऱ्याने मात्र पायाशी बघावे. डोक्याएवढ्या वाढलेल्या लांबट पानांच्या दाटीत, पार बुडाशी, पालापाचोळ्यातून अर्धी वर आलेली लालभडक, चंबूच्या आकाराची फळे दिसतात. शेजारच्या पानाळ दांड्याशी त्यांचे काही नाते असेल असे वाटतही नाही. जाड साल फोडली की आत पांढरट, पाणीदार गर आणि त्यात गच्च बसलेल्या असंख्य बारीक बिया. गर आंबटगोड आणि सुवासिक. बी दाताखाली आली तर जातीनुसार कापरासारखी झुळूक तरी येते, नाही तर जीभ तरी भाजते.

गराची चव एक आणि बीची भलतीच. ही फारकत लक्षात ठेवली की या वनस्पतीचा गेल्या आठशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. गराचे गिऱ्हाईक वेगळे होते, बीचे वेगळे. व्यापारी, राजे, दर्यावर्दी आणि औषधविक्रेते या सगळ्यांनी बीचा पिच्छा पुरवला. गर रानातच राहिला, आणि माझ्या मते फळाची खरी गोष्ट त्या गरातच आहे.

आले, हळद आणि वेलदोडा ही एकाच कुळातली भावंडे. आपल्या स्वयंपाकघरात त्यांतल्या दोघांचा कंद येतो आणि तिसऱ्याचे बोंड. आल्याला फळ लागते म्हटले तर आले पिकवणारा शेतकरीही चमकेल. लागवडीतले आले कंदापासूनच वाढवतात, ते क्वचित फुलते आणि बी जवळजवळ धरतच नाही. हळद फुलते, पण तिचेही बी लावल्याचे कोणी ऐकलेले नसते. कुळातल्या रानटी मंडळींचे तसे नाही. केरळात वेलदोड्याची बाग पाहिलेल्यांना आठवेल की पाने वर झुलत असतात आणि बोंडांचे घोस बुडातून निघून जमिनीवर लोळत असतात. आफ्रामोममची ठेवण हीच. जमिनीखाली आडवा कंद सरकत जातो. त्यातून एकीकडे पानांचे दांडे वर येतात, दुसरीकडे फुलांचे आखूड दांडे मातीतून जेमतेम डोके काढतात. पानांचा दांडा हे खरे खोड नव्हेच, एकात एक गुंडाळलेल्या पर्णतळांची ती सुरळी असते. फूल मात्र रुबाबदार असते. त्याची मोठी, पाकळीसारखी ओठाळी म्हणजे वांझ पुंकेसरांचे रूपांतर. कामाचा पुंकेसर एकच, आणि परागकोशाच्या दोन कप्प्यांमधल्या खोबणीतून स्त्रीकेसराचा नाजूक धागा वर आलेला असतो. एवढा सगळा थाट एका दिवसाचा.

या एका दिवसाने वनस्पतिशास्त्रज्ञांना पुरते छळले. मांसल, पाणीदार फूल दाबून वाळवले की त्याचा चिखल होतो. शिवाय पाने एका दांड्यावर आणि फुले-फळे दुसऱ्यावर, त्यामुळे घाईत असलेला संग्राहक यातले एकच काहीतरी उचलून आणायचा. युरोपातल्या संग्रहालयांत पानांचे नमुने होते, फळांचे होते, आणि कोणते कोणाचे हे सांगणारा कोणी नव्हता. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल शुमान यांनी १९०४ मध्ये आफ्रिकेतल्या या जातींना आशियाई अमोममपासून वेगळे काढून आफ्रामोमम ही स्वतंत्र प्रजाती मांडली. आज तिच्यात साठेक जाती धरतात. सगळ्या आफ्रिका खंड आणि मादागास्कर या पट्ट्यातल्या. इतिहासात गाजली ती त्यांतली एक, आफ्रामोमम मेलेग्वेटा. ती अंगाने जरा लहानच, दीड मीटरपर्यंत उंच. फळ पाच ते सात सेंटिमीटरचे आणि बी तांबूस तपकिरी, तीनेक मिलिमीटरची.

पण आधी गराच्या गिऱ्हाइकाकडे जाऊ. मध्य आफ्रिकेतला सखल रानातला पश्चिमी गोरिला हा या झुडपांचा जुना आश्रित आहे, किंवा झुडपेच त्याची आश्रित आहेत. गाबाँमधल्या लोपे इथे कॅरोलिन ट्युटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून गोरिलांच्या आहाराच्या बारकाईने नोंदी केल्या. गोरिला माणसांना जवळ येऊ देत नव्हते, त्यामुळे ते काय खातात हे कळायचे ते त्यांच्या वाटेवर पडलेल्या चोथ्यावरून आणि शेणावरून. त्या चोथ्यात आफ्रामोममचे दांडे वारंवार सापडत. गोरिला कोवळा दांडा उपटतो, दाताने बाहेरची सालपटे सोलतो, आतला पांढरा, रसदार गाभा खातो आणि सालपटे तिथेच टाकून पुढे जातो. रानातल्या इतर फळांना हंगाम असतो, हा गाभा बारमाही असतो. झोपण्यासाठी गोरिला रोज नवे बिछाने करतात, त्यांतही हेच दांडे वाकवून दडपलेले असतात. म्हणजे अन्न आणि अंथरूण एकाच झुडपाचे.

फळ पिकले की तेही खाल्ले जाते आणि इथे त्या दोन चवींचा उलगडा होतो. गोरिला गर चघळत बसत नाही, बियांसकट गिळतो. कठीण सालीच्या बिया पोटातून न दुखावता पार होतात आणि दुसऱ्या दिवशी शेणातून बाहेर पडतात. ते शेण कुठे पडते हेही महत्त्वाचे आहे. गोरिला बऱ्याचदा जिथे वरची झाडी विरळ आहे, तळाशी हिरवळ माजली आहे, अशा उजेडाच्या जागी बिछाना करतात आणि सकाळी उठताना तिथेच घाण करून जातात. आफ्रामोममला उजेडच हवा असतो. घनदाट सावलीत ते खुरटते. पडलेल्या झाडाने उघडी केलेली जागा, रानाची कड, सोडून दिलेले शेत, लाकूडतोडीचा जुना रस्ता अशा ठिकाणी ते फोफावते. चिंपांझी, बोनोबो आणि रानहत्तीही ही फळे खातात. पण आवडीचे खाणे, शेजारीच झोपणे आणि नेमक्या जागी बी टाकणे हे तिन्ही एकाच प्राण्याकडे असावे, हा योग झुडपाच्या चांगलाच पथ्यावर पडलेला दिसतो.

आता बी तिखट कशासाठी, याचा तर्क करता येतो. गर गिळणाऱ्याने बी भरडू नये यात झाडाचा फायदा आहे. ज्याचे दात बारीक आणि भूक बियांचीच, अशा उंदरा-घुशीच्या वर्गाला परतवायला तिखटपणा उपयोगी पडत असेल. अर्थात सगळ्याच जातींनी हा मार्ग धरलेला नाही. आफ्रामोमम अंगुस्टिफोलियमची बी चावली तर आग होण्याऐवजी वेलदोड्यासारखा वास दरवळतो. निसर्गाचा एकच हिशेब सगळ्या जातींना लावायला जावे, तर असे अपवाद आडवे येतात.

माणसांनी गर खाल्ला नाही असे मुळीच नाही. या जाती जिथे जिथे उगवतात तिथली पोरे रानातून येता-जाता ही फळे फोडून गर चोखतात. युगांडात मातुंगुलु या नावाने ती बाजारातही येतात. मादागास्करमध्ये त्यांना लोंगोझा म्हणतात. हा खाऊ आहे आणि खाऊच्या नोंदी कोणी ठेवत नाही. आपल्याकडे करवंदे, तोरणे, आळू यांची जी गत, तीच या फळांची. ताजेपणीच खायचे, गावाबाहेर फारसे जायचे नाही, आणि म्हणून इतिहासाच्या वह्यांत शिरायचे नाही. वाळवून महिनोन्‌महिने टिकते ते बी, आणि टिकते त्याचाच व्यापार होतो.

या व्यापाराचे युरोपातले एक जुने चिन्ह मोठे गमतीचे आहे. १२१४ साली उत्तर इटलीत ट्रेविझो इथे एक उत्सव झाला. भरजरी कापडांनी आणि कातड्यांनी मढवलेला लुटुपुटीचा किल्ला उभारला, त्यात स्त्रियांना उभे केले आणि तरुणांनी त्यावर हल्ला चढवला. दारूगोळा म्हणून फुले, फळे, अत्तरे आणि मसाले. या मसाल्यांच्या यादीत मेलेग्वेटाच्या बिया आहेत. खेळाची परिणती पादुआ आणि व्हेनिसवाल्यांच्या खऱ्या भांडणात झाली हा भाग सोडा. ज्या काळी युरोपातल्या एकाही माणसाने हे झुडूप पाहिलेले नव्हते, त्या काळी त्याची बी उधळण्याइतकी हाताशी आलेली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माल गिनीच्या किनाऱ्यालगतच्या रानातून निघायचा, मालीच्या साम्राज्यातल्या व्यापाऱ्यांच्या हाती पडायचा, उंटांवरून सहारा ओलांडायचा आणि भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर इटालियनांना विकला जायचा. घेणाऱ्याला मूळ ठाऊक नाही आणि सांगण्यात विकणाऱ्याचा फायदा नाही, अशा मालाला ‘स्वर्गातले दाणे’ हे नाव न पडते तरच नवल. १३९३च्या सुमारास पॅरिसमधल्या एका वयस्क गृहस्थाने तरुण बायकोसाठी घरकामाचे एक जाडजूड पुस्तक लिहिले. त्यातल्या मसाल्याच्या वाइनच्या कृतीत दालचिनी आणि सुंठीच्या जोडीला हे दाणे आहेत.

पंधराव्या शतकात पोर्तुगीज गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकू लागली आणि स्वर्गाचा पत्ता सापडला. तो आजच्या लायबेरियाच्या किनाऱ्यावर होता. १४६९ मध्ये लिस्बनच्या फेर्नाँव गोमिश या व्यापाऱ्याने गिनीच्या व्यापाराचा मक्ता राजाकडून घेतला. वर्षाला दोन लाख रेइस भरायचे आणि दर वर्षी शंभर लीग नवा किनारा शोधून द्यायचा, असा करार. मेलेग्वेटा या मक्त्यात नव्हती. तिच्यासाठी आणखी एक लाख वेगळे मोजावे लागले. संपूर्ण किनाऱ्याच्या व्यापाराच्या निम्मी किंमत एका रानटी आल्याच्या बीला, यावरून तिची पत समजते. त्या किनाऱ्याचे नावच नकाशांत मेलेग्वेटा किनारा, दाण्यांचा किनारा असे पडून गेले. कोलंबसही तरुणपणी गिनीला जाऊन आलेला होता. जानेवारी १४९३ मध्ये कॅरिबियन समुद्रात त्याला तीन ‘जलपऱ्या’ दिसल्या (त्या बहुधा समुद्रगायी असाव्यात), तेव्हा त्याच्या रोजनिशीत नोंद झाली की अशा जलपऱ्या आपण मेलेग्वेटाच्या किनाऱ्यावरही पाहिल्या होत्या. चित्रात काढतात तितक्या काही त्या सुंदर नाहीत, असे त्याचे मत पडले.

इंग्रज उशिरा आले आणि आले ते भुकेजून. १५५३ साली टॉमस विंडहॅम हा कप्तान दोन जहाजे आणि एक लहान गलबत घेऊन पोर्ट्समथहून गिनीकडे निघाला. वाटाड्या म्हणून पिंतेआदो हा पोर्तुगीज खलाशी बरोबर होता. या सफरीचा वृत्तान्त रिचर्ड ईडन याने लिहून ठेवला आहे, आणि इंग्रजीत या फळाचे जे जुन्यात जुने वर्णन माझ्या वाचनात आले, ते त्यातले. सेस्तोस नदीपाशी जहाजे पोचली तेव्हा हव्या तितक्या दाण्यांनी ती भरून घेता आली असती. ईडन सांगतो, फळ अंजिरासारखे, अंजीर जसे बारीक बियांनी भरलेले तसेच हेही, आणि थंड देशांत या मसाल्याला मोठी मागणी आहे. वर्णन बरे आहे. गराचा मात्र त्यात शब्द नाही. विंडहॅमला दाणे नकोच होते, त्याला सोने हवे होते. तो पुढे गेला, सोने मिळवले, आणि आणखी हाव धरून बेनिनच्या नदीत शिरला. तिथे मिऱ्यासारखा दुसरा एक मसाला मिळतो असे ऐकलेले होते, त्याची वेल वेगळी, कूळही वेगळे.

बेनिनच्या राजाचा दरबार इंग्रजांना कल्पनेबाहेरचा निघाला. राजाला लहानपणी शिकलेली पोर्तुगीज येत होती. त्याने यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि महिनाभरात ऐंशी टन माल जमवून देण्याची तयारी दाखवली. तुमचा माल कमी पडला तर उरलेले पुढच्या खेपेला द्या, असेही सांगितले. म्हणजे अनोळखी परदेशी माणसाला उधारी! इकडे नदीत नांगरलेल्या जहाजांवर उकाड्याने आणि तापाने रोज तीन, चार, पाच माणसे मरू लागली. विंडहॅमने आरडाओरडा केला, आत गेलेल्या व्यापाऱ्यांना परत बोलावले, आणि मग तो स्वतःच मेला. पिंतेआदोला खलाशांनी छळले, तोही परतीच्या वाटेवर गेला. हाकायला माणसे उरली नाहीत म्हणून एक जहाज बुडवावे लागले. एकशेचाळीस जण निघाले होते, प्लिमथला पोचले जेमतेम चाळीस. पुढच्याच वर्षी जॉन लॉक याची सफर निघाली. या वेळी अक्कल आली असावी. त्याने चारशे पौंडांहून अधिक सोने आणि सुमारे अडीचशे हस्तिदंतांबरोबर दाण्यांची छत्तीस मोठी पिंपे आणली.

पण तोवर बाजार फिरायला लागला होता. १४९८ मध्ये वास्को द गामा कोळिकोडला पोचला आणि मलबारचे मिरे समुद्रमार्गे थेट लिस्बनला जाऊ लागले. जे दाणे मिऱ्याची जागा भरून काढत होते, त्यांच्यापुढे मिरेच येऊन उभे राहिले. त्यात अमेरिकेतून मिरची आली. ती कुठेही उगवते, तिखट कितीतरी जास्त आणि किंमत काहीच नाही. पोर्तुगीजांनी तर मेलेग्वेटाचे नावही मिरचीला देऊन टाकले. ब्राझीलमध्ये आज मलागेता मागितली तर बारीक, जहाल मिरची हातात पडते. गोव्यात त्याच सुमारास गार्सिया द ओर्ता हा वैद्य आपला संवादग्रंथ लिहीत होता. पोर्तुगालच्या राजाकडून मुंबई बेट ज्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते, तोच हा. १५६३ साली गोव्यात छापलेल्या या ग्रंथात वेलदोड्यावर एक संवाद आहे, आणि त्यात ओर्ता युरोपातल्या पंडितांचा घोळ निस्तरतो. वेलदोडा वेगळा आणि गिनीची मेलेग्वेटा वेगळी, हे त्याला ठणकावून सांगावे लागले. कारण दोन्ही सुकून, पिशवीत भरून आलेल्या बिया, आणि झाड कोणीच पाहिलेले नाही.

बाजार पडला तरी गिनीच्या किनाऱ्यावर जहाजे येतच राहिली. आता ती माणसे न्यायला येत होती, आणि दाण्यांचा एक नवा, हिडीस उपयोग निघाला. १६९३-९४ मध्ये टॉमस फिलिप्स हा कप्तान ‘हॅनिबल’ हे गुलामवाहू जहाज घेऊन या किनाऱ्यावर आला. त्याने आपल्या रोजनिशीत मेलेग्वेटाची खरेदी लिहिली आहे आणि कारणही दिले आहे: कैद्यांच्या जेवणात घालायला, म्हणजे त्यांना हगवण आणि पोटशूळ लागू नये. तळघरात कोंबलेल्या माणसांच्या हगवणीवर तिखट बियांचा इलाज. सुमारे सातशे माणसे जहाजावर चढवली होती, बार्बाडोसला पोचेपर्यंत त्यांतली तीनशेवीस मेली.

या जहाजांतून बीही अटलांटिकच्या पलीकडे गेली. सुरिनाममध्ये मळ्यांतून पळून जंगलात वसलेल्या मरून लोकांच्या परसात मेलेग्वेटा अजून लावतात आणि पारामारिबोच्या बाजारात तिची वाळलेली बोंडे विकायला येतात, मसाल्यापेक्षा देवकार्याला आणि औषधाला अधिक. ब्राझीलच्या कांदोम्ब्ले पंथात तिचे योरुबा नाव अजून चालते, अतारे. मूळ योरुबा मुलखात, नायजेरियाच्या नैर्ऋत्येला, बाळाच्या बारशाला अतारे लागते. बोंड बियांनी ठासून भरलेले, तसे घर भरलेले राहो, अशी त्यामागची कल्पना. ईग्बो लोकांत पाहुण्यापुढे कोला फळाबरोबर याच वर्गातल्या बिया ठेवतात. आपल्या पानसुपारीचे जे स्थान, ते त्या ताटाचे. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’च्या पहिल्याच प्रकरणात दिलेले कर्ज परत मागायला आलेल्या शेजाऱ्यापुढे असे ताट येते आणि कोला कोणी फोडायचा यावर दोघांत आग्रह चालतो. आफ्रामोममचे आणखी एक घर इथिओपियात आहे. तिथली कोरेरिमा ही जात कॉफीत आणि बेर्बेरे नावाच्या लाल मसाल्यात पडते. तिची चव आपल्या मसाला वेलचीच्या जवळची. इथिओपियाला या मसाल्यासाठी कोणाच्या जहाजांची वाट पाहावी लागली नाही आणि म्हणून बहुधा त्याची कोणी कादंबरीही लिहिली नाही.

युरोपात मात्र दाण्यांची रवानगी ताटातून पेल्यात झाली. इंग्लंडमधल्या बिअर गाळणाऱ्यांच्या लक्षात आले की चिमूटभर भरड टाकली की पातळ बिअरही घशाला कडक लागते. मग माल्टवर खर्च कशाला? १८१६ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला: बिअर गाळणाऱ्याकडे हे दाणे सापडले तर २०० पौंड दंड, आणि ते त्याला पुरवणाऱ्या औषधविक्रेत्याला ५००. त्याच यादीत काकमारीही आहे. कोकणातल्या ओढ्यांत मासे गुंगवायला वापरतात ती ही विषारी फळे मलबार किनाऱ्यावरून लंडनला जात आणि बिअरमध्ये नशा वाढवायला पडत. तिच्या पंगतीला बसवून मेलेग्वेटावर अन्यायच झाला, कारण ती विषारी मुळीच नाही. आज कोणी दंड करत नाही. उलट काही अमेरिकी बिअरवाले आणि जिनवाले हे दाणे घातल्याचे बाटलीवर मिरवतात. ‘बॉम्बे सफायर’ या जिनमध्येही ते असतात. त्या नावातल्या बॉम्बेचा या दाण्यांशी संबंध ओर्ताएवढाच.

या तिखटपणाचे रसायन स्वयंपाकघरातूनच समजून घेता येते. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉलचा. आले वाळवले की जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू जातो आणि शोगाओल तयार होते. ते अधिक जहाल, म्हणून सुंठ आल्यापेक्षा झोंबते. शोगाओलमध्ये हायड्रोजनची एक जोडी वाढवली की पॅराडॉल. मेलेग्वेटाच्या बीत ही तिन्ही आहेत आणि पॅराडॉलला तर नावच तिच्यावरून मिळाले आहे. मिरचीतले कॅप्सेसिन, मिऱ्यातले पायपरिन आणि ही मंडळी, सगळ्यांचा मारा तोंडातल्या एकाच ग्राहीवर होतो. टीआरपीव्ही-१ असे त्याचे नाव. हा ग्राही मुळात उष्णतेचा, सुमारे ४३ अंशांच्या वर गेले की चटका कळवणारा. तिखट खाल्ल्यावर तोंड ‘भाजते’ असे आपण म्हणतो ते मज्जातंतूंच्या भाषेत अगदी खरे आहे. मेलेग्वेटाचा चटका मिरचीपेक्षा सौम्य, मागे लिंबाच्या सालीसारखा आणि वेलदोड्यासारखा वास ठेवणारा. मांस भाजताना शेवटी ताजी भरड टाकावी. आधी टाकली की वास उडून जातो आणि नुसती कडसर चव राहते.

पॅराडॉलचे आणि जिंजेरॉलचे दाहशामक, जंतुरोधक गुण प्रयोगशाळांत तपासले जाऊ लागले तेव्हा कोणाला तरी गोरिलांची आठवण झाली. प्राणिसंग्रहालयातल्या प्रौढ गोरिलांचा, विशेषतः नरांचा, मोठा शत्रू म्हणजे हृदयविकार. हृदयाच्या स्नायूत तंतू वाढत जातात आणि स्नायू कडक होतो. पश्चिमी गोरिला रानात वर्षभर आफ्रामोमम खातो आणि पिंजऱ्यात त्याला ते मिळत नाही, तेव्हा यातच तर गोम नसेल? शेरिल डायबास आणि इल्या रास्किन यांनी २००७ मध्ये ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात ही कल्पना मांडली आणि ती वाऱ्यासारखी पसरली. बियांचा अर्क, गोळ्या, चूर्ण यांच्या जाहिरातींत गोरिला येऊन बसला.

कल्पना सुंदर आहे, पण पुन्हा बीवरच नजर ठेवणारी आहे, म्हणून मी तिच्याकडे जरा सावधपणे पाहतो. रानातला गोरिला बी चावत नाही. तो गर खातो, आणि त्याहून कितीतरी जास्त खातो तो दांड्याचा गाभा. पाणी, चोथा आणि अगदी थोडी साखर. शिवाय दिवसाचा निम्मा वेळ तो सोलण्यात आणि चावण्यात जातो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड मेट्रोपार्क्स प्राणिसंग्रहालयात बेबॅक आणि मोकोलो या दोन नरांवर नेमके हे आजमावून पाहिले गेले. त्यांचे पिठूळ, साखर-स्टार्चवाले कारखानी बिस्किट बंद केले आणि रोज सुमारे साडेचार किलो भाजीपाला सुरू केला: लेट्यूस, एन्डाइव्ह, डँडेलियनची पाने, लसूणघास, घेवड्याच्या शेंगा, थोडे जवस आणि केळ्यात लपवलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या. उष्मांक पूर्वीपेक्षा जास्तच पोटात जात होते. तरी वर्षभरात दोघांचे वजन प्रत्येकी तीस किलोच्या आसपास उतरले, आणि खाल्लेले उलटवून पुन्हा खाण्याची पिंजऱ्यातली सवय सुटली. खाण्यात जाणारा त्यांचा वेळ वाढून रानातल्या गोरिलांच्या जवळ पोचला. आफ्रामोमम त्या भाजीपाल्यात नव्हते.